वाघोलीतली येळवस

घसा बसलाय, शब्द फुटत नाही, असं वैजनाथनं ऑफिसला कळवून टाकलं. खरं कारण सांगायचं तर नम्रता मॅडमना आधी येळवस म्हणजे काय ते सांगावं लागलं असतं, आणि आपण लातूरकडचे आहोत हे कुणाला कळू नये म्हणून तर हा गृहस्थ पुण्यात आल्यापासून जिवाचं रान करत होता. 'करलालाव' सोडून तो 'करतोय' म्हणायला लागला होता. मायला 'आई' म्हणायला लागला होता. चहा घेणार का विचारलं की आधी 'नको' म्हणायचं, इतपत पुणेरी तो झाला होता.

पण माय ती मायच. वडील गेल्यावर शेत चुलत्याकडे वाट्यानं दिलं आणि चंद्रभागाबाईंना त्यानं वाघोलीतल्या सातव्या मजल्यावर आणून ठेवलं. लिफ्ट त्यांनी सोसली, शेजाऱ्यांची बंद दारं सोसली. गेलं वर्ष दुःखाचं, सणच नव्हता. या वर्षी मार्गशीर्षातली अमावस्या जवळ आली तसं त्यांनी जाहीर केलं, "येळवस रानातच करायची असती. इथं रान नसंल तर मला गाडीत बसवून दे. मग मी काही परत येत नाही बघ."

आता आली का पंचाईत! लातूरकडे त्या दिवशी गावंच्या गावं ओस पडतात, सगळी माणसं शेतात जेवतात. पाच दगडांना चुना फासून पांडव मांडायचे, त्यांना पालेभाज्या-हिरव्या दाण्यांची भज्जी आणि ज्वारीची आंबील दाखवायची, आणि मग घरच्या धन्यानं आंबील शिंपडत, 'ओलगे ओलगे सालम पोलगे' असं ओरडत शेताला फेरी घालायची. वाटेनं जाणाऱ्यालाही जेवल्याशिवाय सोडायचं नाही. वैजनाथचे वडील दरवर्षी उलटे फिरायचे. "अहो, शेत उजव्या हाताला!" असं चंद्रभागाबाई दरवर्षी ओरडायच्या आणि ते दरवर्षी "शेताला काय कळतंय" म्हणून तसेच पुढे जायचे.

सोसायटीमागे गवत माजलेला एक रिकामा तुकडा होता. ओळखीचं कुणी बघत नाही ना, याची खात्री करत वैजनाथनं तिथं पाच दगड मांडले, चुना फासला. माय आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन लिफ्टनं उतरली. नैवेद्य दाखवून होतोय तोवर एक बुलेट धडधडत आली.

"कोन हाय रं? प्लॉट कुनी आखला ह्यो? दगड उचला आधी!"

हे सोनबा, जागेचे मालक. वाघोलीत चुना लावलेला दगड म्हणजे देव नव्हे, अतिक्रमण. असे दगड उपटण्यात त्यांचं निम्मं म्हातारपण गेलं होतं.

"आपला गैरसमज होतोय, आपण जरा..." वैजनाथनं ठेवणीतलं पुणेरी बाहेर काढलं.

"जेवल्याबिगर काही उचलायचं नाही," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "बसा."

"अहो, मी मालक हाय!"

"मालकच पाहिजे होता. बसा."

सोनबा बसले. भज्जी दोनदा घेतली, आंबील किती प्याले त्याला हिशेब नाही. मग रिकाम्या तांब्याकडे बघत म्हणाले, "आमची आनंदी, कारभारीन माझी, होती तवर हितं जवारी व्हायची. ती गेली, आन् मंग हितं कुनी जेवाय बसलंच न्हाय."

चंद्रभागाबाईंनी मडकं त्यांच्या हातात दिलं. "रान तुमचं. फेरी तुम्ही घाला."

"मला कुठं येतंय ते? ह्यो म्हनंल तसं मी मागनं म्हनतो."

वैजनाथनं वर पाहिलं. गॅलऱ्या भरायला लागल्या होत्या. अख्खी सोसायटी बघणार होती. मग त्यानं मायकडे पाहिलं. ती उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधत होती, आणि ती गाठ त्याला गावाला निघाल्याची वाटली. तो पुटपुटला, "ओलगे ओलगे..."

"ऐकू येत न्हाय!" सोनबा म्हणाले.

"ओलगे ओलगे सालम पोलगे!"

एकदा आवाज सुटला तो सुटलाच. पुढं वैजनाथ, मागं आंबील शिंपडत सोनबा, दोघंही बेंबीच्या देठापासून ओरडत कुंपणाच्या कडेनं फिरले. वडील गेल्यापासून वैजनाथ एकदाही मोकळेपणी रडला नव्हता. ते सगळं त्या ओरडण्यात निघालं.

तेवढ्यात फोन वाजला. नम्रता मॅडम. त्यानं 'हॅलो' म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा.

"अरे, खरंच बसलाय की," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सोनबांनी धापा टाकत मडकं खाली ठेवलं. "दगड ऱ्हाऊ द्या आता. पर काय हो ताई, हे असंच फिरायचं असतंय ना? रान डाव्या हाताला?"

वैजनाथनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

चंद्रभागाबाईंनी तोंड उघडलं. दरवर्षीचं वाक्य ओठांपर्यंत आलं असणार. पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला, बांधलेलं फडकं सोडलं आणि एक भाकरी लेकाच्या हातावर ठेवली.

"आमच्यात असंच फिरत्यात," त्या म्हणाल्या.