दारावरचं नाव

अमेरिकेत, आमच्या बॉल्टिमोर शहरात बेसबॉलच्या सामन्याआधी राष्ट्रगीत चालू असतं, तेव्हा शेवटाकडे एका ठरलेल्या जागी सगळं मैदान आमच्या ओरिओल्स संघासाठी ‘ओ!’ असं ओरडतं. परगावचे लोक दचकतात. माझी बायको अर्नेस्टीन चाळीस वर्षं ओरडतेय, तेही माझ्या कानाशी.

ते गीत लिहिणाऱ्या वकिलाच्या नावाची शाळा आमच्या रस्त्याच्या टोकाला आहे. तिथल्या स्वयंपाकघरात अर्नेस्टीनने तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर वाचनालयात बसून तिने वकीलसाहेबांची कुंडली काढली. गुलाम बाळगायचे, काळ्यांना हलक्या प्रतीचा वंश म्हणायचे, गुलामीविरुद्धची पत्रकं बाळगणाऱ्यावर खटला भरायचे. आम्ही काळेच. आमची नात इमानी त्याच शाळेत पहिलीत गेली, तसा हिने शाळेचं नाव बदलायचा अर्ज केला.

सुनावणीच्या दिवशी ती म्हणाली, “तिथे ते गाणं लागलं तर मी तोंड उघडणार नाही.”

“लग्नानंतर पहिल्यांदाच,” मी म्हणालो.

“तू गाडी चालव, लूथर.”

शाळा मंडळाच्या सात सभासदांसमोर मुलांनी राष्ट्रगीत म्हटलं. अर्नेस्टीन ओठ घट्ट मिटून उभी होती. ती जागा आली आणि शांत सभागृहात ती एकटीच ओरडली, “ओ!”

सगळे खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सभासदांपैकी क्रूगर सामन्यांना आमच्या पुढच्याच रांगेत बसतात. ते डोळे पुसत म्हणाले, “बाई, गाणं तर तुम्हालाही आवडतंय. मग नावानेच काय घोडं मारलंय?”

अर्नेस्टीन माइकपाशी गेली.

“तो आम्हाला काय म्हणायचा ते मला पाठ आहे, मिस्टर क्रूगर. गप्प राहायचं ठरवून आले होते, तरी तोंडातून निघालंच. जाणतेपणी लागलेली सवय मला आवरत नाही. माझी नात तर सहाच वर्षांची आहे. परवा तिने दारावरचं नाव एकटीने वाचलं आणि मला विचारलं, ‘आजी, हा खूप चांगला माणूस होता ना?’”

मग कोणी हसलं नाही. ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. चौथा हात क्रूगरांचा होता.

परतताना मी विचारलं, “मग इमानीला काय सांगितलंस?”



“मी ‘हो’ म्हणाले,” ती म्हणाली. “शाळेची घंटा झाली होती.”