पहिल्या मापाचा लाभ

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघणारी माणसे फुलझाडाची कुंडी समजतात. मला त्याचा राग येत नाही, कारण तुम्ही जन्मापासून किलोच पाहिले. पण मी कुंडी नाही, धान्य मोजायची जुनी पायली आहे. लोखंडी अंग, काठाला पितळी पट्टी आणि पोटावर सरकारी शिक्का. आयुष्यात मी एक दाणा कमी मोजला नाही की जास्त, हे मी ताठ मानेने सांगते. मान नसली म्हणून काय झाले!

माझा जन्म नागपूरच्या इतवारीत एका कारागिराच्या हातून झाला. त्याने मला ठोकून घडवले, पाणी भरून तपासले आणि मनाजोगी झाले तेव्हाच विकायला ठेवले. शहराच्या काठावर किराणा दुकान असलेल्या वामनरावांनी मला विकत घेतले. दुकानापलीकडे दगडाच्या खाणी होत्या आणि खाणीत गिट्टी फोडणाऱ्या गोंड कुटुंबांची वस्ती. सुरुवातीची वर्षे मोठी मजेची होती. ज्वारी, तूर, तांदूळ, सगळे माझ्या पोटातून जायचे, आणि गिऱ्हाईक म्हणायचे, पायली खरी आहे हो. ते ऐकून मला धन्य वाटे.

पुढे किलो आले. दुकानाच्या दर्शनी भागात नवा काटा बसला आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. तिथे वामनराव मला फक्त उसन्या धानासाठी वापरत. पावसाळ्यात खाणीत पाणी साचून काम बंद पडले की वस्तीतली माणसे धान उसने नेत. दिवाळीनंतर ती भंडाऱ्याकडे कापणीला जात, मजुरीत मिळालेले धान आणून फेड करत. दोन पायल्या नेल्या की तीन द्यायच्या, असा वामनरावांचा दर. एवढे देऊनही कोणाचे उसने फिटत नसे. दर वर्षी काहीतरी उरायचेच, आणि उरलेल्यावर पुन्हा तोच दर.

वस्तीतल्या मनकर्णाबाईंचे असेच उरत गेले. शेवटी त्या उसन्यापायी त्यांची लेक गोपिका वामनरावांच्या मागच्या खोलीत धान्य पाखडायला बसली. मजुरी नाही, सुट्टी नाही. देवलापारकडे तिचे लग्न ठरले होते, पण उसने फिटल्याशिवाय पोरीला नेता येणार नाही, असे वामनरावांनी गोड शब्दांत बजावले. मुलाकडची माणसे किती दिवस थांबणार? मनकर्णाबाईंच्या तोंडचे पाणी पळाले होते.

वस्तीचा संशय कोणावर गेला असेल? माझ्यावर! एकदा मनकर्णाबाईंनी मला उलटे करून बुडावर बोटे वाजवली, आत हात घालून दुसरे बूड आहे का ते चाचपले. मित्रांनो, मला फार लागले ते. खोट होती, पण ती माझ्या पोटात नव्हती, मोजणाऱ्याच्या तोंडात होती. आणि मला कुठे बोलता येत होते?

आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन, चार. मोजताना दुसऱ्या कोणी बोलायचे नाही, बोलले तर बरकत जाते असा समज. वामनराव धान देताना अगदी असेच मोजत. परत घेताना मात्र म्हणत, "लाभ," आणि पुढच्या मापाला, "एक." म्हणजे पहिले माप हिशेबातच नाही. तेही प्रत्येक पोत्याला नव्याने! वस्तीला त्यात काही वावगे वाटले नाही, कारण नव्या धानाचे पहिले माप देवासाठी न मोजता बाजूला काढायची त्यांचीच रीत होती. शिवाय नेणे पावसाळ्यात आणि फेडणे हिवाळ्यात. मधल्या महिन्यांत देतानाची मोजणी कोणाच्या ध्यानात राहणार?

गोपिकेच्या राहिली. वर्षभर ती माझ्याशेजारी बसून दोन्ही मोजण्या ऐकत होती.

ते १९७६ साल होते. उसन्यापायी कोणाला राबवून घेता येणार नाही, असा कायदा झाल्याचे आदिवासी मंडळाच्या शोभाताईंनी वस्तीत येऊन सांगितले. मनकर्णाबाई धान फेडायला आल्या त्या दिवशी शोभाताई सरकारी साहेबांनाच घेऊन आल्या. वामनराव हसतमुखाने म्हणाले, आपण कुठले सावकार? हा तर शेजारधर्म. पोरगी मदतीला येते, आणि आजचे मोजून घेतले की हिशेब दिसेलच.

त्यांनी मला भरले. "लाभ." दुसऱ्यांदा भरले. "एक."

"थांबा, सेठजी," गोपिका म्हणाली.

सगळे चपापले. मोजताना कोणी बोलत नसते. मनकर्णाबाईंनी घाबरून लेकीचा हात धरला. "चूप राह्य वं, बरकत जाते."

"आपली बरकत कवाच गेली, माय. सेठजी, पावसाळ्यात देता तवा लाभच्या मांगं दोन म्हणता. आता एक काहून?"

वामनराव गडबडले. पहिले माप देवाचे असते, तुमच्याच लोकांची रीत आहे, असे म्हणाले. आणि तिथेच फसले. मनकर्णाबाईंनी लेकीचा हात सोडला, पोत्याकडे बोट दाखवले आणि शांतपणे विचारले, "देवाचं हाय, तं मंग तुमच्या पोत्यात काहून जाऊन राह्यलं?"

खोलीत कोणाला हसू आवरेना. मागच्या वर्षांत किती पोती फेडली ते साहेबांनी विचारले आणि प्रत्येक पोत्यामागे एक पायली जमेस धरायला सांगितली. मनकर्णाबाईंचे फिटून वर वामनरावांकडेच निघाले! साहेबांनी गोपिकेला तिथल्या तिथे मोकळे केले आणि वामनरावांवर खटला भरला. जुने माप चालवल्याचे वेगळे कलम लागले. त्यासाठी मला सिव्हिल लाइन्सच्या कचेरीतल्या कपाटात पुरावा म्हणून बसावे लागले, पण मी आनंदाने बसले. साहेबांनी मला काठोकाठ पाणी भरून तपासले आणि म्हणाले, पायली खरी आहे. किती वर्षांनी ऐकले मी ते!

खटल्याचा निकाल वस्तीच्या बाजूने लागला. शोभाताईंनी मला मागून घेतले. वस्तीने स्वतःची धानाची कोठी उभारली. पावसाळ्यात जेवढे न्यायचे तेवढेच परत आणायचे, वर एक मूठ. मोजताना सगळी वस्ती मिळून मोठ्याने मोजते आणि पहिले माप निराळ्या मडक्यात जाते, अडल्यानडल्यासाठी. गोपिकेच्या लग्नाचे तांदूळ मीच मोजले. देवलापारची वरात दारात उभी आणि बाया ओरडत होत्या, "लाभ! दोन! तीन!" माझा तर काठ फुटतो की काय असे वाटले.

आता मी कोठीच्या दारात असते. पोरे माझ्यावर बसून पाय हलवतात, काठाची पितळी पट्टी जरा सैल झाली आहे. तेवढी कोणी बसवून द्याल तर बरे होईल. बाकी माझे मागणे एकच. मापाला उलटेपालटे करून जरूर बघा, पण मोजणाऱ्याच्या तोंडाकडेही लक्ष द्या. तुमचे धान कोणी मोजत असेल, तर गप्प उभे राहू नका. त्याच्याबरोबर मोठ्याने मोजा.