माझ्याखाली काळ्या पडलेल्या पावत्या

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. तळ गुळगुळीत, मूठ एका बाजूला जराशी जळलेली, वजन मात्र भरपूर. हल्लीच्या हलक्याफुलक्या इस्त्र्यांनी माझ्यापुढे नाक वर करू नये. कारखान्यातून निघाले ती थेट एका लाँड्रीत आले आणि एकवीस वर्षं तिथेच तापते आहे.

माझ्या मालकाला सगळे घडीदादा म्हणतात. वाचून झालेलं वर्तमानपत्रसुद्धा तो घडीवर घडी बसवून ठेवतो. गिऱ्हाइकं शर्ट हातात घेऊन म्हणत, "वा, घडीदादा! घालावासाच वाटत नाही, मोडेल म्हणून." कौतुक त्याचं व्हायचं, तापायचं मी. पण चालायचंच.

एका दुपारी करखात्याचं पत्र आलं. घडीदादाने ते उभ्या उभ्याच वाचलं. गेल्या वर्षी दाखवलेल्या खर्चाच्या पावत्या पंधरा दिवसांत सादर करा, नाहीतर खर्च अमान्य होऊन दंडासह कर भरावा लागेल. इतकं वाचलं आणि त्याने पत्र कांजीच्या डब्याखाली सरकवलं. दंड बसला तर गाळ्याची अनामत मोडावी लागणार आणि अनामत गेली की दुकानही गेलंच. त्या दिवशी त्याने आयुष्यात पहिल्यांदा एका शर्टाची कॉलर जाळली. बोल मलाच लागला.

तीन दिवस पत्र तिथेच पडून होतं. चौथ्या दिवशी मालकीणबाईंनी ते काढलं.

"अहो, डोळे मिटून बसल्याने पत्र परत जाणार आहे का? पावत्या काढा बघू."

पावत्या निघाल्या, पण कशा! लोकांचे खिसे रोज रिकामे करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या खिशातल्या पावत्या चुरगळून एका पिशवीत कोंबल्या होत्या. साबणाच्या, कांजीच्या, हँगरच्या. घडीदादाने एक बोळा उचलून बघितला.

"असं बोचकं साहेबांपुढे ठेवू? आपला धंदा काय, आपण नेतोय काय! लाज जाईल."

आणि त्याने मला तापवलं. सगळ्या पावत्या टेबलावर ओळीने मांडल्या, नाजूक कापडावर घालतो तसं वर पातळ फडकं घातलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मला फिरवलं. एक सुरकुती ठेवली नाही. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आपण धन्याच्या उपयोगी पडतोय असंच मला वाटलं.

फडकं उचललं तर टेबलभर काळ्या पट्ट्या. त्या पावत्या होत्या यंत्रातून निघणाऱ्या, गुळगुळीत कागदाच्या. त्यांचा कागदच उष्णतेने काळा पडतो. हे ना त्याला ठाऊक, ना मला.

"अहो, अक्षरं कुठे गेली?" मालकीणबाई एवढंच म्हणाल्या.

घडीदादाने मला आपटायला उचललं. मालकीणबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"तिला काय कळतं? फिरवली कोणी?"

"भिजल्या म्हणून लिहू," तो पुटपुटला. "पाइप फुटला म्हणू."

"काही नको. झालं ते लिहा. थापा तुम्हाला जमत नाहीत, लगेच कान लाल होतात तुमचे."

त्याने जसं घडलं तसं लिहिलं आणि त्या काळ्या पावत्या घेऊन पंधराव्या दिवशी करखात्याच्या कचेरीत गेला. तो परत येईपर्यंत मी गार पडून होते, पण जिवाला चैन नव्हतं. मालकीणबाई एकच टॉवेल चार वेळा घडी करत होत्या.

तो आला आणि स्टुलावर बसून राहिला.

"अहो, बोला ना! काय म्हणाले?"

"बाई होत्या. पावत्या बघून म्हणाल्या, हे काय? म्हटलं, इस्त्री केली. तोंड फिरवून हसल्या गं. मग आपलंच पत्र उलटं करून माझ्यापुढे धरलं."

मालकीणबाईंनी पत्र उलटलं आणि मोठ्याने वाचलं, "मूळ पावत्या उपलब्ध नसल्यास बँकेचा उतारा व विक्रेत्याचे पत्र चालेल."

प्रत्येक कापड उलटून दोन्ही बाजूंनी इस्त्री करणारा माझा मालक, पत्र उलटायला विसरला होता.

कचेरीतल्या बाईंनी आठ दिवस वाढवून दिले. उतारा मिळाला, साबणवाल्याने आणि कांजीवाल्याने पत्रं दिली. हँगर रोखीने घेतले होते आणि ते दुकानही बंद झालेलं, तेवढा कर भरावा लागला. गाळा मात्र राहिला.

मित्रांनो, आम्हा इस्त्र्यांना भलं-बुरं कळत नाही. ज्यावर ठेवाल त्यावर आम्ही इमानाने तापतो. म्हणून एवढं ऐका. भीतीने हात थरथरत असतील तेव्हा आम्हाला हात लावू नका. बटण बंद करा, घोटभर पाणी प्या आणि जवळच्या माणसाला हाक मारून म्हणा, "जरा बस माझ्याजवळ, हे पत्र आपण दोघं मिळून वाचू."