काचेआडचा रेणापूरचा रस्ता

मी लातूर जिल्ह्याचा एक जुना नकाशा आहे, लाकडी फळीवर बनवलेला. मला डोळ्यांनी वाचायचं नसतं. माझी हद्द सुतळीची आहे, नद्या मेण लावलेल्या दोऱ्याच्या, रस्ते काथ्याचे आणि गावं म्हणजे चिंचोके. लातूर शहर तेवढं कोटाचं मोठं बटण आहे.

मित्रांनो, मला बनवलं तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. त्याच सुमारास शहरात एक कॉलेज निघालं. अंध आणि कर्णबधिर मुलांना शिकवणारे शिक्षक तिथे तयार व्हायचे. बारावीनंतर सलग पाच वर्षं, पदवी आणि तिच्या पुढची पदवी एकाच अभ्यासक्रमात. आवारातच अंध मुलांची शाळा होती. तिसऱ्या वर्षी प्रत्येकाने एका मुलासाठी शिकण्याचं साधन बनवायचं आणि ते त्या मुलाच्याच हातांनी तपासून घ्यायचं, असा नियम होता.

तिसऱ्या वर्षाला असलेल्या उदगीरच्या नीलम्माकडे अंध शाळेतली रेणापूरची चांगुणा आली. लहान पोर, वसतिगृहात नवी. आपलं गाव इथून कोणत्या अंगाला आहे, एवढंच तिला हवं होतं.

नीलम्माने आधी नद्या आणि रस्ते एकाच दोऱ्याने केले होते. चांगुणाचं बोट लातूरहून निघालं, मांजरा नदीपाशी आलं आणि भलतीकडेच वळलं.

"ताई, मी नदीत शिरले," ती म्हणाली.

नीलम्मा हसली. तिने सगळे रस्ते उखडले आणि काथ्याचे केले. मग ते बोट नदी ओलांडून थेट रेणापूरच्या चिंचोक्यावर थांबलं. चांगुणाने ते पुन्हा पुन्हा केलं.

त्या वर्षी दुष्काळ होता. चांगुणाने नीलम्माला विचारलं, "नदीला पानी न्हाई म्हनतेत. मग दोरा कामून लावलाव?"

"पाणी आटलं तरी नदी तिथंच असते गं."

पुढे टँकरही येईना. वसतिगृह बंद झालं आणि मुलं घरी निघाली. नीलम्माने चांगुणाचा हात माझ्यावर ठेवला. "माझी पाच वर्षं झाली की मी इथंच शिकवणार. तू परत ये. हा तुझाच आहे."

नीलम्माने शब्द पाळला, म्हणजे निम्मा. ती तिथेच शिकवू लागली. मुलं परतली, पण त्यांच्यात चांगुणा नव्हती. पुष्कळ बोटं माझ्यावरून फिरली. काथ्या झिजला, दोन चिंचोके निघाले. मग तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी माझं कौतुक केलं. पुढच्याच आठवड्यात नीलम्माने मला भिंतीवर टांगलं, वर काच बसवली आणि कुलूप लावलं. खाली पाटी आली : हात लावू नये. ज्यांच्यासाठी मी होतो, त्यांना ती पाटी वाचताही येत नव्हती.

कित्येक वर्षांनी चांगुणा आली. त्याच अभ्यासक्रमाला, शिक्षिका व्हायला. मी कुठे टांगलेला आहे ते तिने विचारून घेतलं आणि भिंत चाचपत ती माझ्यापाशी पोचली. तिची बोटं काचेवर घसरली. तिच्यासोबत आलेली नीलम्मा पाठीमागे उभी होती.

"मॅडम, काच कामून?"

"झिजत होता गं. जपून ठेवलाय."

"झिजला असता तर मी नवा केला असता."

नीलम्माने पर्समधली किल्ली काढली. मला वाटलं, आता. तेवढ्यात फाटकात तपासणीची गाडी वाजली. तिने आपल्या रुमालाने काचेवरचे बोटांचे ठसे पुसले, किल्ली परत पर्समध्ये टाकली आणि ती पाहुण्यांना घ्यायला गेली.

आता तिसऱ्या वर्षाचं साधन म्हणून चांगुणा नवा नकाशा करते आहे, आठवणीतून. मी समोरच टांगलेला आहे, पण तिच्या काही उपयोगाचा नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू नेहमी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला ज्यांच्यासाठी बनवलं, त्यांच्याच हातांपासून मला जपू नका. काच काढा. मला झिजू द्या.