मागच्या सीटवरचा चुरा

“अहो, मुलगा आंत बसला आहे. तुम्ही बाहेर त्याच्या गाडीशी काय बोलत बसलांत?”

अंबुजाबाईंनी दारातून दबक्या आवाजात, आपल्या तंजावरी मराठीत विचारलं. तुकोजीरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पांढरीशुभ्र वेष्टी, तिकडचं धोतर, गुडघ्यांवर सावरून ते मुलगी पाहायला आलेल्या श्रीकरच्या गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. चाकं चिखलाने माखलेली, दारांवर वाळलेले ओघळ. उठून काचेतून आत डोकावले, तर मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा, दहीभाताची वाळलेली शितं आणि एक पिवळट डाग. तो कसला, ते न विचारलेलंच बरं.

“शितावरून भाताची परीक्षा,” ते पुटपुटले. “झाली परीक्षा.”

“अय्यो! त्या पोरीचा जीव टांगणीला लागला आहे, आणि तुम्ही शितें मोजतां?”

खरंच टांगणीला लागला होता. त्यांची मुलगी नित्या बँकेत नोकरीला. चेन्नईच्या श्रीकरशी फोनवर बोलून बोलून तिचं मन बसलं होतं, पण तिने आईला बजावलं होतं, अप्पा हो म्हणाले तरच. आणि अप्पांचं ‘हो’ म्हणजे उंबराचं फूल.

लोक मुलगा बघताना पगार बघतात, गोत्र बघतात. तुकोजीराव गाडी बघायचे. हसू नका, त्याला कारण होतं. अर्धं आयुष्य त्यांनी कुवेतमध्ये दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या, आणि ज्याच्या त्याच्या गाडीवरून माणूस ओळखायला शिकले होते. कुंभकोणमच्या बाजारात कॉफी पिताना कुणी विषय काढलाच, तर त्यांच्या तोंडून जग ऐकावं. जपानी इंजिनियर निघण्याआधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायचा आणि चढताना बूट झटकायचा. इंग्रज साहेब रविवारी अर्ध्या चड्डीत स्वतः गाडी धुवायचा, ड्रायव्हरला फडक्याला हातसुद्धा लावू द्यायचा नाही. जर्मनाची गाडी धुळीने भरली तरी त्याला फिकीर नव्हती, पण ऑइल बदलायची तारीख टळली की त्याला जेवण गोड लागायचं नाही. अमेरिकन गाडीतच जेवायचा, गाडीतच दाढी करायचा. कुवेती शेठ गाडी जुनी व्हायच्या आत नवी आणायचा, आणि जुनीचा निरोप घेताना मात्र डोळे पुसायचा.

“आणि अपण?” असं कुणी विचारलं की ते मनापासून हसत. “अपण चाकाखालीं लिंबू ठेवतों, कापूर ओवाळतों, आणि सीटवरचें प्लास्टिक गाडी मोडीत निघेपर्यंत काढत नाहीं!”

हे ते स्वतःबद्दलच सांगत. परत आल्यावर त्यांनी पांढरी गाडी घेतली आणि गिऱ्हाइकांना घेऊन तिरुनागेश्वरम्, पट्टीश्वरम् अशा देवळांच्या फेऱ्या सुरू केल्या. गाडीवर माशी बसू देत नसत. गाडीत खायचं नाही. केसांत मोगरा असेल तर मान मागे टेकायची नाही. एकदा कॉलेजातून घरी येताना नित्याने गरम वडा घेतला होता. पाऊस कोसळत होता. तुकोजीरावांनी तिच्या हातात छत्री दिली, आणि वडा संपेपर्यंत तिला गाडीबाहेर उभं केलं. पोरीने गुपचूप खाल्लं, हात पुसले, आत बसली. त्यानंतर तिने अप्पांच्या गाडीत कधी काही मागितलं नाही. तुकोजीरावांना वाटलं, पोरीला शिस्त लागली.

तर आता ते आत आले आणि खुर्चीवर बसले. समोर श्रीकर, त्याच्या शेजारी त्याची आजी वेंकटलक्ष्मी, चिमणीएवढी म्हातारी. नित्या कॉफीचे टंबलर घेऊन आली.

तुकोजीरावांनी कॉफीला हात लावला नाही.

“तुमची गाडी पाहिली,” ते म्हणाले. “मुलगी पाहायास येतांना गाडी अशी ठेवतात काय?”

अंबुजाबाईंनी कपाळाला हात लावला. नित्या भिंतीशी जाऊन उभी राहिली.

श्रीकरचे कान लाल झाले. पण तो खाली बघून बोलला नाही. “मामा, चूक आहे. आजीला गाडी लागते. साखर उतरते मणून घंट्या-घंट्याला कांहीं खावें लागतें. चिदंबरमच्या अलीकडे तिला उलटी झाली. धुवायास थांबलों असतों, तर तिला उन्हांत बसवावें लागलें असतें. मणून तसाच आलों.”

“मी मटलें याला,” म्हातारी मध्येच बोलली, “मी खालीं उतरून, उभें राहून खातें, बाळ. नवी गाडी घाण होईल. हा काय मणतो? आजी, गाडी तुझ्यासाठीं आहे, तूं गाडीसाठीं नाहींस!” आणि बोळक्या तोंडाने खुदकन हसली.

तुकोजीरावांनी नित्याकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. त्यांना ती छत्री आठवली. छत्रीखालचं ते ओलं, निमूट तोंड आठवलं. सगळ्या जगाच्या गाड्या आपण निरखल्या, आणि आपल्या गाडीत बसणाऱ्या पोरीकडे पाहायचं राहून गेलं, असं त्यांना वाटलं.

ते उठले आणि तडक बाहेर गेले.

“गेले!” अंबुजाबाई रडवेल्या झाल्या. “राग मणजे असा नाकावर! नित्या, तूंच बोल त्यांशीं.”

नित्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. अंगणात बादली होती. तुकोजीरावांनी वेष्टी वर खोचली होती, श्रीकरच्या गाडीची मागची दारं उघडली होती आणि ते वाकून सीट पुसत होते. हातात त्यांचं ते मऊ पिवळं फडकं होतं, जे ते घरात कुणाला शिवू देत नसत.

“मामा, तुम्ही कशाला? मी करतों,” म्हणत श्रीकर धावला.

“उगें बैस आंत. आजीला कॉफी दे,” तुकोजीराव मान वर न करता म्हणाले. “परत जातांना तिला वास नको यायास.”

“अम्मा,” नित्याने वळून हळूच सांगितलं, “अप्पा हो मटले.” आणि तिला रडू आवरेना.

लग्न झालं. पहिलं माहेरपण झालं. नित्या परत निघाली तेव्हा तुकोजीराव तिला एकटेच स्टेशनवर सोडायला निघाले. वाटेत त्यांनी गाडी थांबवली, उतरले आणि केळीच्या पानात बांधलेले दोन गरम वडे घेऊन आले.

नित्याने सवयीने दाराच्या खटक्याला हात घातला.

“उतरूं नको,” ते म्हणाले. “आंत बैसून खा.”

ती आरशातून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पान उघडलं. एक वडा त्यांना दिला. दोघांनी गाडीतच खाल्ले, ती मागे, ते स्टिअरिंगशी. कुरकुरीत कडा तुटून सीटभर पडल्या. ती त्या पदरात गोळा करायला लागली.

“राहूं दे गे,” ते म्हणाले.

आगगाडी वेळेवर आली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखी गाडी धुतली. काचा पुसल्या, चाकं घासली. अंबुजाबाईंनी मागचं दार उघडलं आणि केरसुणी पुढे केली. “हें काय हो? एवढा चुरा!”

तुकोजीरावांनी दार हलकेच लावून घेतलं.

थोड्या वेळाने तिरुनागेश्वरम्‌ला जायला एक गिऱ्हाईक आलं. एकटाच म्हातारा होता, हातात फुलांची पुडी. तो मागच्या दाराकडे वळला, तशी तुकोजीरावांनी लगबगीने पुढचं दार उघडलं.

“पुढें बसा, सार,” ते तमिळमध्ये म्हणाले. “पुढून वारा चांगला लागतो.”