वरनं घालवला

पृथ्वीराजचं नाव निघालं की विश्वजितच्या पोटात दुखायला लागायचं, आणि हे दुखणं ओव्याने बरं होण्यातलं नव्हतं.

तसं बघितलं तर त्या पोराने त्याचं काहीच वाकडं केलं नव्हतं. जत तालुक्यातलं पोरगं, बाप अजून मेंढरं घेऊन फिरतो, कुणाच्या तरी ओळखीने यंदा सांगलीच्या संघात आलं आणि गोलामागून गोल करत सुटलं. पण सातारा-सांगलीच्या फुटबॉल लीगमध्ये इतकी वर्षं गोल म्हटलं की साताऱ्याचा विश्वजित, असं लोक म्हणत आले होते. आता त्याच्याच मैदानाबाहेर, त्याच्याच नेहमीच्या चहाच्या गाड्यावर लोक त्यालाच विचारत होते, "त्या जतच्या पोराचा शॉट बघितलास का रं? पाय हाय का तोफ!" विश्वजित म्हणायचा, "बघितला की. बरा हाय." एवढं बोलेपर्यंत त्याचा चहा गार व्हायचा.

त्यात लीगचा एकत्र संघ पुण्याला स्पर्धेसाठी जाणार होता, आणि पुढे खेळणाऱ्याची जागा एकच होती. विश्वजित तिशीला टेकला होता. ही वेळ हुकली तर पुढच्या वर्षी आपल्याला कुणी हिंग लावून विचारणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

निवड नाथाजी सुभेदारांच्या हातात होती. फौजेत असताना ते पलटणीकडून फुटबॉल खेळले होते. आता गुडघे गेलेले, सांगलीपर्यंतचा प्रवास झेपायचा नाही, म्हणून तिकडच्या सामन्यांसाठी ते विश्वजितच्या आकड्यांवर विसंबायचे. हे आकड्यांचं खूळ लीगमध्ये विश्वजितनेच आणलं होतं. दर आठवड्याला तो शनिवार-रविवारच्या सामन्यांचा तक्ता करायचा. कुणी किती शॉट मारले, किती गोलच्या चौकटीत गेले, किती जवळून आणि किती उगाच लांबून. आधी लोक हसले. मग एकदा त्याने सांगितलं की ओळीने सामने जिंकणारा एक संघ शॉट फार कमी मारतोय, नुसता नशिबावर तगलाय. पंधरा दिवसांत तो संघ तोंडावर आपटला आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

"ह्या खेपंचं आकडं बघून ठरवणार," सुभेदार म्हणाले. "तुजंबी नाव हाय त्यात, ठावं हाय मला. दुसरा कुणी असता तर हे काम म्या त्याच्याकडं ठेवलं नसतं."

शनिवारी साताऱ्यात विश्वजित जीव तोडून खेळला. सहा शॉट, चार चौकटीत, त्यातला एक गोल. त्याचे शॉट बाकावरचा गडी मोजायचा. स्वतःचं माप स्वतः धरू नये एवढं तारतम्य त्याला होतं.

रविवारी सांगलीत पृथ्वीराजचा सामना होता आणि विश्वजितला एमआयडीसीत दुसरी पाळी होती. तिकडे मोजायला समीक्षा होती. ती सांगलीच्याच मुलींच्या संघाची गोलकीपर. प्रत्येक शॉट झाला की ती फोनवर दोन शब्द बोलून पाठवायची. जेवणाच्या सुट्टीत विश्वजितने डबा उघडला आणि फोन कानाला लावला.

"पृथ्वीराज, लांबनं, वरनं घालवला."

विश्वजितचा घास अलगद खाली उतरला.

"पृथ्वीराज, डाव्या पायानं. परत वरनं घालवला."

दुसऱ्या भाकरीला त्याने हात घातला. पुढे एक गोल आला, तिथे जरा ठसका लागला. पण मग आणखी दोन वरनं घालवले, एक बाजूने बाहेर गेला, एक कीपरने छातीशी धरला. सात शॉटमधले पाच वाया! विश्वजितने ते पाचही 'बाहेर'च्या रकान्यात टाकले. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तो हा असा. तक्ता त्याने तिथूनच सुभेदारांना पाठवला, आणि कुणी विचारलं नसताना खाली एक ओळ जोडली, 'जोर खूप, नेम नाही.'

सोमवारी सकाळी गावाकडून आलेला आकाराममामा परत निघाला. विश्वजितची आई, साळूबाई, आतूनच ओरडली, "विश्वा, मामाला ष्टँडवर घालवून ये रं!"

विश्वजित गाडीची किल्ली घेऊन उठला आणि दारातच थबकला. घालवून ये. हा शब्द तो जन्मल्यापासून ऐकत होता. पाहुण्याला घालवून येतात तेव्हा त्याला कुणी वाया घालवत नाही, वाटेला लावतात. आणि समीक्षा गोलकीपर होती. तिने गोलकीपरच्या बाजूने सांगितलं होतं. बॉल आत निघाला होता, समोरच्या कीपरने हात लावून तो आडव्या दांडीवरून वाटेला लावला होता.

मामाची एसटी हलल्यावर त्याने स्टँडवरच सगळं पुन्हा ऐकलं. प्रत्येक 'वरनं घालवला'च्या मागे टाळ्या पडत होत्या. वाया गेलेल्या शॉटला कोण टाळ्या वाजवतं? आणि प्रत्येक वेळी समीक्षा शेवटी म्हणत होती, "आता कॉर्नर." समोरच्या कुणाचा स्पर्श झाल्याशिवाय कॉर्नर मिळत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कालही त्याने हे ऐकलं होतंच. पण कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तसा त्याला एकच अर्थ ऐकू आला होता आणि तो गोड लागला होता. सातातले सहा चौकटीत. असा आकडा लीगमध्ये कुणाचा झाला नव्हता, विश्वजितचाही नाही.

त्याने सुभेदारांचा नंबर काढला. आता बोलायचं, चूक झाली म्हणायचं, एवढंच तर होतं. मग त्याला चहाच्या गाड्यावरची ती तोफ आठवली आणि त्याने फोन खिशात टाकला. संध्याकाळी नावं जाहीर झाली. पुढे विश्वजित, राखीव पृथ्वीराज.

पुढच्या शनिवारी साताऱ्यात एकत्र सराव ठेवला होता. सुभेदारांनी जर्सी वाटल्या आणि पुढे खेळणाऱ्याची नऊ नंबरची विश्वजितला दिली. पृथ्वीराज जतहून पहाटेची एसटी धरून आला होता. त्याने सुभेदारांच्या पाया पडून शॉटचा सराव सुरू केला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तोफ कुठे गेली कुणास ठाऊक, पोरगं बॉल नुसता ढकलत होतं. अगदी नेमका, अगदी हळू, थेट कीपरच्या हातात. विश्वजितला आधी गुदगुल्याच झाल्या.

मग पृथ्वीराज धापा टाकत त्याच्याकडे आला. "दादा, आता बरं हाय का? सुभेदारसायबांनी तुमचा तक्ता फोनवर धाडला हुता मला. मला वाटलं हुतं, कीपरचा हात लागला. पर तुमी इतकं बारीक बघता, म्हंजे माझंच चुकलं असंल. आठवडाभर जोर कमी करून मारतुय."

विश्वजितला त्याचा भयंकर राग आला. शिव्या दिल्या असत्या, भांडायला आला असता तर किती बरं झालं असतं! ज्या पायाचा आपण एवढा हेवा केला तो पायच आपण मोडायला काढलाय, हे त्याच्या लक्षात आलं. असा पाय त्याला मिळाला असता तर त्याने तो कुणाच्या बापाच्या सांगण्याने आवरला नसता.

"जोरानं मार," तो म्हणाला.

"भाईर जाईल की, दादा."

"न्हाई जायाचा! तवाबी गेला नव्हता. कीपरनं घालवला हुता. म्या उलटं लिवलं."

हे तो इतक्या मोठ्याने बोलला की चार हातांवर उभ्या असलेल्या सुभेदारांनी मान वळवली.

"कवा कळलं तुला हे?"

"सोमवारी सकाळी. नावं सांगायच्या आधी."

"आन आज शनवार हाय."

"व्हय."

सुभेदार ओरडले असते तर सोसलं असतं. त्यांनी फक्त हात पुढे केला. विश्वजितने नऊ नंबरची जर्सी डोक्यातून काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. पृथ्वीराज मागे सरला, "नको, दादांचीच ऱ्हाऊ द्या," म्हणाला, आणि ते त्या गाढवाने मनापासून म्हटलं. सुभेदारांनी डोळे वटारले तेव्हा कुठे त्याने ती अंगात घातली.

पोरगं किडकिडीत आहे, निदान त्याला ती ढगळ तरी होईल, अशी विश्वजितला आशा होती. पण ती त्याच्या खांद्यावर अगदी मापाची बसली.