उन्नतीच्या हळदीची रांगोळी

रांगोळीसाठी नावाजलेल्या जूचंद्र गावच्या पोरीला रांगोळी काय शिकवायची? ती तिच्या हातातच असते. तरी पदवीच्या शेवटच्या वर्षी स्वप्नालीला इंटर्नशिप मिळेना, आणि चार क्रेडिट्स त्या इंटर्नशिपवरच अडलेले. माणिकपूरच्या ऑफिसांचे उंबरठे झिजवले, जिथं तिथं नन्नाचा पाढा. शेवटी लग्नमंडप सजवणाऱ्या नताशाताईंनी तिचा हात पाहिला आणि ठेवून घेतलं. नवरा काय करतो, हे त्यांनी विचारलं नाही. तो दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला, तेव्हापासून स्वप्नाली माहेरीच होती.

शेवटचं काम म्हणून एक रांगोळी एकटीने काढायची आणि तिचा फोटो कॉलेजात द्यायचा होता. योगायोगाने काम आलं ते चुलत बहिणीच्या, उन्नतीच्या हळदीचं. "ताई, तूच काढ हां," उन्नती म्हणाली होती. स्वप्नालीला आभाळ ठेंगणं झालं. तिची आई हंसा मात्र हळदीच्या दिवशी सकाळपासून पाहुण्यांच्या वाटेकडे बघत होती.

दुपारपर्यंत मांडवाच्या दारात रांगोळीतला उन्नतीचा चेहरा हसू लागला. नथीचा मोती तेवढा राहिला आणि पांढरा रंग संपला. स्वप्नाली तो आणायला घरी धावली. परतली तर आई रांगोळीवर झाडू फिरवत होती.

"आई! काय करतेस हे?"

"मामाकरच्या बायका येतान आता. तुजा हात लागलाय कलला तं चार लोकांत बोलतील तुला. उद्या उन्नतीचा काय वाईट झाला, तं खापर तुज्याच डोक्यावर फोरतील. मना नाय बघवनार, पोरी."

हंसा रडत होती आणि झाडत होती. लुगड्याचा काठ रंगाने माखला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. स्वप्नालीने रागवायचं तरी कोणावर?

तेवढ्यात नताशाताई आल्या. काय झालं ते त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"टेन्शन नको घेऊस गं. माझ्याकडचा दुसरा फोटो लाव, सही मी करते. क्रेडिट्स कुठे जात नाहीत तुझे." मग त्या हळूच म्हणाल्या, "फक्त आता घरी जा. बायका यायच्या आत."

हे ऐकून मात्र स्वप्नालीचं काळीज तुटलं. या बाईने तरी आपला फक्त हात पाहिला, असं ती समजून होती.

"नको, ताई. माझ्याच रांगोळीचा फोटो देणार."

तिने मोबाइल काढला. विस्कटलेल्या रंगांत उन्नतीचा एक डोळा अजून शाबूत होता. तिने फोटो घेतला.

"नापास केला तं?" हंसाने विचारलं.

"पुन्हा बसेन."

"खाली माजा नाव लिवशील, पुसनारी म्हनून?"

"तुझ्या एकटीचं कसं लिहू, आई?"

स्वप्नाली घरी गेली नाही. पांढरा रंग घेऊन ती तिथेच, मांडवाच्या दारात, पुन्हा खाली बसली. मामाकडच्या बायका वळणावर दिसू लागल्या होत्या. तोवर मांडव माणसांनी भरला होता, सगळे बघत होते. तिच्या शेजारी येऊन बसायला मात्र कोणी उठलं नाही. वाचकहो, त्या मांडवात आपण असतो, तर उठलो असतो?